भाषण ऐकून पेटलेली पोरं तिसऱ्या रविवारी कुठं जातात?

वसनाकाठ

राम राम मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, मी इथंच सोसायटीत नोकरीला. मागच्या महिन्यात हायस्कूलच्या पटांगणात एका वक्त्यांचं व्याख्यान ठेवलेलं. माणूस बोलायला एक नंबर. पोरांच्या अंगावर काटा आला, दोन-तीन पोरी रडल्या, शेवटी सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली की गावासाठी काहीतरी करायचंच. त्याच रात्री व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, ६४ मेंबर, डीपीला महाराज, रात्री दीड वाजेपर्यंत टिंगटिंग चालू.

पहिल्या रविवारी गावामागच्या टेकडीवर झाडांसाठी खड्डे काढायला ४१ जण आले. दुसऱ्या रविवारी १७. तिसऱ्या रविवारी मी, माझा पुतण्या आणि एक पोरगं, ते पण शेरडं चारायला आलेलं.

ग्रुप अजून चालू हाय. रोज सकाळी सुविचार येतात.

पोरांना नावं ठेवायला धागा काढलेला नाही हे आधीच सांगतो. त्या रात्री त्यांच्या तोंडावर जे होतं ते खोटं नव्हतं, मी समोर उभा होतो. मग ते गेलं कुठं? कुणी गावात पोरं वर्ष-दोन वर्षं धरून ठेवली असतील तर सांगा राव. ९० खड्डे उघडे पडलेत आणि पाऊस तोंडावर आलाय.

कंदीपेढा

शेरडंवाल्याला अध्यक्ष करा. तो रोज येणार, ग्यारंटी.

निवृत्त_मास्तर

तुमचे ४१, १७ आणि ३ हे आकडे वाचून हसू आलं आणि बरंही वाटलं, म्हणजे मी एकटाच नव्हतो. मी कॉलेजात बरीच वर्षं एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, सांभाळलं. ही योजना १९६९ सालची, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झालेली, पोरानं दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. हे शिबिर म्हणजे तुमच्या व्याख्यानाचाच मोठा भाऊ. पहाटे प्रभातफेरी, दिवसभर श्रमदान, संध्याकाळी व्याख्यान, रात्री शेकोटी. सातव्या दिवशी गाव सोडताना पोरं गळ्यात पडून रडायची, 'सर आम्ही दर महिन्याला येणार'. एकही आलं नाही कधी.

मला वाटायचं पिढीच तसली. मग एका वर्षी गणित सुटलं, आणि तेही चुकून. आम्ही दर साली लांबचं गाव घ्यायचो, दुष्काळी, डोंगरातलं, फोटो चांगले यायचे. तिथं जायला दिवसाला दोन एस्ट्या. पोरानं मनात आणलं तरी जाणार कसं? आणि तिथं बांधायचो काय, तर वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात माती-वाळू भरून ओढ्यात आडवी लावायची. हा बंधारा पावसाळा संपता संपता, ओढा वाहता असताना घालायचा असतो, पुढच्या पावसात तो वाहून जातो, म्हणजे तो दरवर्षी घालावाच लागतो. आम्ही एकदा घालून मोकळे. पुढच्या साली दुसरं गाव, दुसरा ओढा, दुसरा फोटो.

नंतर कॉलेजच्या रस्त्यावरचंच एक गाव धरलं आणि सलग तीन साल सोडलं नाही. सेकंड इयरच्या पोरानं फर्स्ट इयरच्या पोराला सोबत घेऊन ओढा दाखवायचा, पोती कुणाकडनं मिळतात, ट्रॅक्टर कोण फुकट देतो, कोण नुसतं देतो म्हणतो, हे सगळं सांगायचं. एक शंभर पानी वही केली होती. तारीख, कोण आलं, काय केलं, काय राह्यलं. ती वही गावातल्या किराणा दुकानात ठेवलेली, माझ्याकडं नाही. हे महत्त्वाचं. माझ्याकडं असती तर ती माझी झाली असती आणि पोरं सह्या करायला आली असती, कामाला नाही.

वसनाकाठ

मास्तर दंडवत. वही दुकानात, हे डोक्यात बसलं. आमच्यात सगळं माझ्या फोनमध्ये हाय.

सह्याद्रीचा_वाघ

अहो ह्याच मातीत १९४३ ते ४६ क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे पत्री सरकार, चाललं, पोरं घरदार सोडून तुफान सेनेत गेली. आजच्या पोरांना रील्स सोडून काय येतंय? रक्तच गार पडलंय.

कंदीपेढा

आलं. दहावी कमेंट व्हायच्या आत पत्री सरकार आलं. मी पैज जिंकली.

निवृत्त_मास्तर

वाघ, हसण्यावारी नेत नाही, पण नुसत्या रक्तावर ते चाललं असं समजू नका. गावोगाव समित्या होत्या, भांडणतंटे तिथंच मिटवले जायचे, कुंडलला तुफान सेनेच्या पोरांना शिकवून तयार केलं जायचं. कुणी काय करायचं हे ठरलेलं होतं. भाषणं होतीच की, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराला कुणीतरी काम सांगणारं होतं.

तिसरी_सीट

मी २० वर्षांची आहे, रोज एस्टीनं साताऱ्याला कॉलेजला जाते, म्हणजे तुम्ही सगळे ज्यांच्याबद्दल बोलताय त्यातली एक. काका राग मानू नका पण एक विचारू का, टेकडी कुणी ठरवली? खड्डे कुणी ठरवले? रविवार सकाळी सात कुणी ठरवलं? ग्रुपचा ॲडमिन कोण?

आमच्या गावात पण असंच झालेलं. रविवारी सकाळी पोरींना घरात सगळ्यात जास्त काम असतं, आठवड्याचं धुणं, सारवण, पाव्हणे. टेकडीवर एकटीला घरचे सोडत नाहीत आणि दादा लोकांच्या घोळक्यात पण सोडत नाहीत. मग आम्ही गेलो नाही तर 'पोरींना इंटरेस्ट नाही'. आमचा इंटरेस्ट होता थांब्यावरच्या दिव्यात. हिवाळ्यात सहाची गाडी येते तोवर अंधार पडलेला असतो, थांब्यापासून वस्ती दीड किलोमीटर. आम्ही पाच जणींनी अर्ज लिहिला, ६७ सह्या घेतल्या, ग्रामपंचायतीत दिला. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले पुढच्या मिटिंगला घेतो. तीन मिटिंगा गेल्या. दर वेळी आम्ही पाची जणी दाराशी जाऊन नुसत्या उभ्या राहिलो, बोललो पण नाही काही. चौथ्या महिन्यात दिवा लागला.

त्यानंतर त्याच पाच जणींनी सकाळची गाडी आमच्या थांब्यावर थांबत नव्हती त्याचा अर्ज आगारात दिला. ते अजून लटकलंय, पण आम्ही पण लटकलोय त्यांच्या मागं. आम्हाला कुणी शपथ दिली नव्हती.

वसनाकाठ

ताई राग नाही. ॲडमिन मीच. टेकडी पण मीच ठरवली. वाचून जरा गप बसलो दहा मिनिटं.

पुणेकर_सातारकर

चांगली चर्चा. मी आयटीत आहे, एक सुचवू का, साधं ॲप करून देतो, हजेरी, पॉइंट, लीडरबोर्ड, महिन्याला सर्टिफिकेट, टीशर्टचे पैसे मी देतो. पोरांना मोटिवेशन राहील.

माणदेशी

पुणेकर भाऊ, मनानं देताय त्याचं मोल हायच, पण टीशर्ट नको. टीशर्ट वाटल्या दिवशी आमच्यात कायम शंभर टक्के हजेरी असती.

बक्षिसाचं सांगतो, ते आम्ही जवळनं बघितलंय. वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा, २०१६ ला पहिल्यांदा झाला तेव्हा राज्यात तीनच तालुके, त्यात वसनाकाठ तुमचं कोरेगाव होतं आणि पहिला नंबर वेळूचा आला, ५० लाख. आमचा माण नंतर आला, २०१८ ला टाकेवाडीनं पहिला नंबर काढला. आमचं गाव नंबरात नव्हतं पण त्या दीड महिन्यात जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. एप्रिल-मेचं ऊन, आणि मुंबईला गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला, गेलेली पोरं सुट्टी काढून टिकाव मारायला. ते काय भाषणानं झालं नाही. गावातनं माणसं ट्रेनिंगला गेली, आणि येताना हाताला काम शिकून आली. समतल रेषा कशी काढायची तर दोन काठ्या, मध्ये पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन्हीकडं पाण्याची पातळी सारखी आली की तिथं फक्कीची खूण, मग दुसरी काठी पुढं. दहावी नापास झालेलं एक पोरगं ह्यात असलं पटाईत झालं की इंजिनिअर त्याला विचारायचे. त्याला गावात अजून नळीवाला म्हणतात आणि त्याला त्याचा अभिमान हाय. रोज संध्याकाळी किती घनमीटर झालं ते मोजून फळ्यावर लिहायचं. काम डोळ्याला दिसत होतं.

आता उरलेली अर्धी गोष्ट. बक्षीस समारंभ झाला, आपला नंबर नाही कळलं, आणि संपलं. त्या रेषांवर पाणी मुरवायला खणलेले चर दोन पावसाळ्यांत गाळानं भरायला लागतात, ते उपसावे लागतात. कोण उपसणार? कपचं काम होतं, कप गेला. फक्त एका ओघळीवरचे चर अजून साफ असतात, कारण त्याच्या खाली ज्या वस्तीच्या विहिरी हायेत ती पोरं दर मे महिन्यात चार दिवस जाऊन उपसतात. त्यांना पाणी दिसतंय ना विहिरीत. बाकीच्या ठिकाणी कुणाला काय दिसतंय.

भरतीवाला

एक गोष्ट कुणीच बोलंना म्हणून बोलतो. १८ ते २५ चं पोरगं गावात आहे म्हणजे ते एकतर पोलीस भरतीची तयारी करतंय नाहीतर एमपीएससीची, नाहीतर बापाच्या उसात आहे. त्याच्या डोक्यावर लग्नाचं आणि नोकरीचं टेन्शन बसलंय. रविवारी सकाळी सातला तुम्ही बोलावताय तेव्हा त्याची टेस्ट सिरीज असते. ते आळशी नाही, ते पहाटे पाचला उठून १६०० मीटर मारतंय रोज.

मग पळायला कुठं जातंय ते बघा ना. आमच्या इथं डांबरी रस्त्यावर पळायचे, ट्रॅक्टर-ट्रेलरची भीती, सीझनला तर विचारूच नका. आम्ही चौघांनी गायरानातली वाट साफ केली, दगड वेचले, पावलं मोजून अंतराच्या खुणा केल्या, आमच्याच स्वार्थासाठी. आता तिथं गावातले म्हातारे पण फिरायला येतात आणि वाट साफ ठेवायचं काम आपोआप झालंय. ज्याला लागतंय त्यालाच काम द्या. तुमच्या टेकडीवर भरतीची पोरं चढत असतील तर त्यांच्या हातात बाटली द्या पाण्याची, वेगळा रविवार मागू नका.

आयर्विनखाली

सांगलीहून लिहितेय. आमचं घर कृष्णेच्या बाजूला, मला पुराचं वर्ष सांगावं लागत नाही कुणाला. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटाच्या वर गेलं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, म्हणजे अंदाज करा. पाणी उतरल्यावर जी पोरं आली ना, कुठून कुठून, गुडघाभर चिखल उपसला त्यांनी, आमच्या सासूबाईंची शिलाई मशीन एका पोरानं बसून नळाखाली धुतली, नाव पण सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी सगळे गेले. चौकात जुन्या कपड्यांचा ढीग तेवढा उरला, भिजून कुजलेला.

आमच्या गल्लीतली तीन पोरं मात्र अस्वस्थ होती, 'काकू आता काय करू'. मी म्हटलं आता करण्यासारखं काही नाही, पुढच्या वेळचं करा. फुलस्केप वही दिली. गल्लीतलं एकेक घर. कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाचं डायलिसिस, कुणाची बाळंतीण, म्हशी किती, गच्चीची किल्ली कुणाकडं, बोटीत चढायला घाबरणारं कोण (हे पण लिहिलं, आणि हेच सगळ्यात उपयोगी पडलं). सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर ह्या भागात पाणी आधी येतं, तिथल्या दोघांचे फोन नंबर पहिल्या पानावर, त्यांच्या दारात आलं की आपल्याकडं किती तासांनी.

जुलै २०२१ ला परत पूर आला. वही बाहेर निघाली. आमच्या गल्लीतलं शेवटचं म्हातारं माणूस पाणी चढायच्या आदल्या संध्याकाळी बाहेर पडलं होतं, म्हशीसकट.

त्या तिघांतला एक आता पुण्याला गेला नोकरीला. त्यानं जाताना वही धाकट्या चुलत भावाला दिली. दर वर्षी वटपौर्णिमेच्या आसपास एक दिवस घरोघर फिरून ती नवी करतात. वर्षाचा एक दिवस. म्हणून मला वाटतं सगळ्या कामाला दर रविवार लागतोच असं नाही वसनाकाठ भाऊ. काही कामं सणासारखी असतात, वर्षातनं एकदा येतात पण चुकवायची नसतात.

येरळाकाठ

आयर्विन ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं.

आमच्या खानापूर तालुक्यातली जुनी गोष्ट टाकतो, नव्या पोरांना माहीत नसते. बळीराजा धरण, तांदुळवाडी-बलवडीजवळ येरळा नदीवर. मुंबईच्या गिरणी संपात परत आलेले कामगार, वर दुष्काळ, आणि नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेतोय. लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र येऊन वाळू अडवली, मग थोडी स्वतः विकून त्या पैशातनं धरणाला हात घातला. बाहेरनं कॉलेजची पोरंपोरी पण श्रमदानाला आलेली. पण खरी मेख पुढं हाय, पाणी वाटायचं कसं हे आधी ठरवलं. ज्याला जमीन नाही त्याला पण पाण्यात वाटा. त्यामुळं भूमिहीनाच्या पोरानं टोपलं उचललं ते दुसऱ्याच्या उसासाठी नाही उचललं. तुमच्या टेकडीवरच्या झाडांचं काय होणार पुढं, चिंचा कुणाच्या, गवत कुणाचं, हे ठरलंय का? नसंल तर शेरडंवाला आज ना उद्या तुमचा दुश्मन होणार, आणि चूक त्याची नसणार.

आणि दुसरं अलीकडचं, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव. १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला, मोबाईल-टीव्ही बंद, पोरं अभ्यासाला, साडेआठपर्यंत. लोक हसले असतील की पहिल्यांदा. पण सुरुवातीला गल्लीगल्लीत माणसं फिरून बघत होती. नुसता निर्णय घेऊन घरी गेले असते तर आठवड्यात भोंग्याचा आवाज पण कुणाला ऐकू आला नसता.

सह्याद्रीचा_वाघ

बरं बाबा, रक्त गार नाही. मागं घेतो. पण नेतेमंडळींचं काय करायचं ते सांगा. आमच्यात पोरांनी तालमीची डागडुजी केली तर दुसऱ्या दिवशी भिंतीवर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, 'यांच्या प्रेरणेतून'. पोरांची मनं जी उतरली ती उतरलीच.

तिसरी_सीट

आमच्या दिव्याच्या वेळी पण फोटोला आले होते. आम्ही पाची जणी त्या दिवशी मुद्दाम कॉलेजला गेलो.

कंदीपेढा

तिसरी सीट, तुला पहिली सीट.

वसनाकाठ (चार महिन्यांनी)

धागा वर आणतोय. सगळ्यांना काय झालं ते सांगणं लागतंय.

पहिलं म्हणजे मी ॲडमिनपद सोडलं. लई जड गेलं, खोटं कशाला बोला. चावडीत बसून पोरांनाच विचारलं काय करायचं ते तुम्ही सांगा, तर दोन तास नुसता गोंधळ, आणि शेवटी ९० खड्ड्यांतले ६० सोडून द्यायचं ठरलं. माझ्या पोटात कालवलं. पण एक पोरगी म्हणाली काका नव्वद रोपं जूनमध्ये लावून फोटो निघंल, एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार? दोन-तीन उन्हाळे काढावे लागतात झाडाला. मग ३० लावली, करंज, कडुनिंब, चिंच आणि दोन वड, सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतनं जरा उंच बघून आणली. एका पोराला तीन झाडं, बास. भरतीची सात पोरं तसंही टेकडी चढतात, पावसानं ओढ दिली की दोन लिटरची बाटली घेऊन पळतात, म्हणत्यात वजनानं दम वाढतो. उन्हाळ्यात खरं काय ते कळंल.

पोरींनी टेकडी घेतलीच नाही. त्यांनी शाळेच्या बंद पडलेल्या वाचनालयाची किल्ली मागितली. मुख्याध्यापकांनी दिली, शनिवारी चार ते सहा उघडतात. पुस्तकं कमी आणि उंदीर जास्त होते. आता उलट हाय.

येरळाकाठ, तुमचं ऐकून चिंचेचं आणि गवताचं ग्रामसभेत मांडलं. शेरडंवाल्याच्या घरी गवत कापून न्यायचा पहिला हक्क, बदल्यात शेरडं त्या बाजूला न्यायची नाहीत आणि होळीच्या आधी जाळपट्टा त्यानं आणि पोरांनी मिळून काढायचा. आमच्याकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये कोण ना कोण वणवा लावतंच, गवत चांगलं येतं म्हणून, आणि मग सगळं मुसळ केरात. ठराव झाला, लेखी.

मध्ये गणपती आले. तीन आठवडे टेकडीवर कुत्रं फिरकलं नाही. मला वाटलं संपलं. विसर्जनानंतरच्या मंगळवारी पाच जण आपणहून आले. मी काहीच बोललो नाही, मास्तर तुमची आठवण काढून तोंड दाबून बसलो. एका पोरानं वर्गणीतले साडेतीनशे रुपये बोर्ड रंगवण्यात घातले, आणि बोर्डावर 'वृक्षरोपण' असं लिहिलंय. तरीही गप बसलो.

४१ चे आता १२ हायेत, वाचनालयाच्या सहा पोरी वेगळ्या. ३० मधली २६ झाडं जगलीत आजच्या तारखेला.

वही टपरीवर ठेवलीय. काल चहाला गेल्यावर सहज उघडली तर मंगळवारच्या पानावर खाली लिहिलेलं, 'काका आज परत उशिरा आले, त्यांच्या दोन झाडांना पाणी मी घातलं.'

कंदीपेढा

सही कुणाची?

वसनाकाठ

शेरडंवाल्याची.